एम्रिसची लांब विजार

मॉस हॉलो, पेन्सिल्व्हेनिया
११ मार्च १९१२

ओल्वेन,

पार्सल पोचलं. शाळेच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. मिस लेदरबींनी मला दुपारी बोलावून हातात दिलं आणि कोणाचं, काय, एक शब्द विचारला नाही. मास्तरीण असून एवढं कमी बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तू गेल्यापासून हे पहिलंच पत्र, तेव्हा मायना काय घालावा ते सुचेना. आपण चॅपलची प्रोटेस्टंट माणसं, आणि त्या कॅथलिक पोराशी लग्न लावून तू फिलाडेल्फियाला गेलीस, त्या दिवसापासून तुझ्या बाबांनी घरात तुझं नाव काढू दिलेलं नाही. मीही काढलं नाही. आता त्यावर भांडायला बसले तर चुलीवरचं करपेल.

सूट चांगला आहे. तुझ्या नवऱ्याने, त्या डेनिसने, स्वतः बेतला म्हणतेस, असेल. शिवण उलटी करून बघितली, खोट काढता आली नाही. पण एम्रिसला तो मोठा होतोय. पुढच्या वर्षी बसेल. तोवर पेटीत गोधड्यांच्या खाली घालून ठेवलाय, कापराच्या वड्या टाकून.

भावाचं विचारलंस म्हणून सांगते. आठवीत आहे. जूनमध्ये परीक्षा आहे, ती पास झाला तर तालुक्याच्या मोठ्या शाळेत बसता येतं. मिस लेदरबी म्हणतात, होईल. आपल्याकडे आजवर कोणी त्या शाळेचं दारसुद्धा पाहिलेलं नाही. अंगाने नुसता ताडमाड वाढलाय. थंडी लागली तेव्हा आतले लोकरी कपडे अंगावरच शिवून टाकले होते, ते अजून उसवले नाहीत, आणि आजार लागू नये म्हणून गळ्यात हिंगाची पुरचुंडी आहेच. त्या वासाने वर्गात त्याच्या बाकावर कोणी बसत नाही आणि अभ्यास बरा होतो.

तुझे बाबा ठीक आहेत.

मार्गेड बेडो


१४ एप्रिल १९१२

ओल्वेन,

ईस्टरला सूट का घातला नाही, फोटो का काढला नाही, डेनिसला वाईट वाटलं, आमच्या हातचं तुम्हांला चालत नाही का. एका दमात केवढे प्रश्न! लहानपणीही तू अशीच होतीस, उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी भांडण तयार.

सूट मोठा होत नाही. खोटं लिहिलं मी. त्याच्या जुन्या कोटावर ठेवून बघितला, अगदी मापात आहे. एवढ्या लांबून तुला माप कसं कळलं कोण जाणे.

अगं, पण विजार लांब आहे. हे मी तुला सांगायला हवं? तू इथेच वाढलीस ना? तिकडे पोरगं उंच दिसलं की लांब विजार घालत असतील, लोक म्हणत असतील वा, छान दिसतोय. इथे काय होतं ते विसरलीस? लांब विजार घालून पोरगा रविवारी चॅपलला आला की दारात मि. प्रॉथेरो त्याच्याशी हात मिळवतात. मागून बाकीचे पुरुष मिळवतात. आणि सोमवारी पहाटे पोरगा ब्रेकरवर, कोळशातले दगड निवडायला. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. हात मिळवला म्हणजे शब्द दिला. कायद्याने चौदा वर्षं पुरी लागतात म्हणे, पण मुकादम पोराच्या पायाकडे बघतो आणि म्हणतो, झाली चौदा. तू होतीस तेव्हा प्रॉथेरो नुसते चॅपलच्या दाराशी उभे असायचे. आता ब्रेकरचे मुकादमही तेच आहेत. दोन्ही दारं एकाच माणसाच्या ताब्यात.

म्हणून त्याला आखूड विजारीतच ठेवायची माझी ही धडपड चाललीय. गुडघ्याखाली पट्टा आवळायचा आणि काळे मोजे वर ओढायचे. तीसुद्धा आता पुरत नाही. खाली तुझ्या बाबांच्या कोटाची पट्टी जोडली, तिचा रंग जुळत नाही. मोज्यांना इतकं रफू केलंय की मूळचा मोजा कुठे उरलाय ते शोधावं लागेल. वर्गातली पोरं त्याला बगळा म्हणतात. बोलत नाही काही, पण घरी आल्यावर मोजे काढून भिरकावतो, त्यावरून मला कळतं. म्हणू देत. बगळा तर बगळा. परीक्षा होईतो मला त्याला पोरगाच ठेवायचाय.

सूट चालतो, असं डेनिसला सांग.

तुझ्या बाबांना जरा खोकला आहे. ऊन पडायला लागलं की जाईल.

आई


२९ मे १९१२

ओल्वेन,

जे होऊ नये म्हणून जपत होते तेच झालं.

व्हिटसनचा रविवार होता. तुला आठवत असेल, त्या दिवशी चॅपलची सगळी पोरं नवे कपडे घालून झेंड्यामागून गात गात गावातून जातात. मुलींचे पांढरे झगे, केसांना फिती, पोरांच्या गळ्यात नवे टाय. कितीही ओढाताण असली तरी त्या दिवशी पोराच्या अंगावर एक तरी नवी वस्तू हवी. एम्रिसला मी काही करू शकले नाही. जुनीच विजार घासूनपुसून, इस्त्री फिरवून खुर्चीवर ठेवली होती. सकाळी सकाळी शेजारच्या मिसेस प्रॉसरला कळा सुरू झाल्या, म्हणून मी तिकडे गेले. मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप आहे.

दुपारी परतले तर तुझे बाबा अंगणात खुर्ची टाकून बसलेले, अंगावर चॅपलचा कोट. आणि हसत होते. थंडीपासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "मार्गेड, आपला पोरगा आज माणूस झाला."

मी घरात धावले. पेटी उघडी होती, गोधड्या पलंगावर पडलेल्या.

मग सगळं कळलं. मिरवणुकीत हा सूट घालून गेला. लोक म्हणाले, काय रुबाबदार दिसतोय बेडोचा पोरगा! दारात प्रॉथेरोनी हात पुढे केला, याने धरला. मागून सगळ्यांनी धरला. शेवटी तुझ्या बाबांनीही, सगळ्यांच्या देखत, आपल्या पोराशी हात मिळवला.

मी त्याला मोरीशी गाठलं. विचारलं, पोरं चिडवतात म्हणून लांब विजार घातलीस का? व्हिटसनला नवं हवं होतं म्हणून? वाटलं, हो म्हणेल, मग मी रागावेन, मग रडेन, आणि संपेल. पण तो म्हणाला, "आई, मला सगळं माहीत होतं. बाबा खाणीत जात नाहीत, म्हणून कंपनी घर काढून घेणार आहे. मि. प्रॉथेरो तुला सांगत होते तेव्हा मी जिन्यात बसलो होतो."

आता तुझ्यापासून तरी काय लपवू? बाबांना जरा खोकला नाही, ओल्वेन. छातीत खाणीची धूळ बसलीय. नाताळानंतर ते खाणीत उतरलेलेच नाहीत. जिना चढायचा तर मध्ये पायरीवर बसावं लागतं. घर कंपनीचं. घरातून कोणी कामावर जात नसेल तर घर सोडायचं, हा नियम तुलाही पाठ आहे. तुला लिहिलं नाही, कारण वाटलं, तू म्हणशील, बरं झालं, ज्या घरातून मला काढलं ते घरच चाललं. म्हणाली नसतीस, माहीत आहे. पण वाटलं.

मी त्यांना म्हटलं, जा आणि शब्द परत घ्या. पोराची परीक्षा तोंडावर आलीय. म्हणाले, "गोमर बेडोने हात मिळवून मागे घेतलेला कोणी पाहिलाय? मी नऊ वर्षांचा असताना बसलो ब्रेकरवर. हा तेराचा आहे. अजून किती लाड?" त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही गं. पोराला मान मिळाला असंच वाटतंय. आणि भांडू तरी कशी? दोन वाक्यं बोलले की त्यांना धाप लागते, आणि मग जिंकण्याची मलाच लाज वाटते.

सोमवारी पहाटे एम्रिस बाबांचाच जेवणाचा डबा घेऊन गेला. कामाला बाबांची जुनी विजार, खाली दुमडून, कमरेला दोरी. तुझा सूट त्याने नीट घडी करून ठेवला. रोज संध्याकाळी येतो तेव्हा बोटांची टोकं लाल, फुगलेली, फुटलेली. मी तूप लावते. हात ओढून घेत नाही, पण माझ्याकडे बघतही नाही. काल मिस लेदरबी आल्या, दारातच उभ्या राहिल्या. परीक्षा पुढच्या शनिवारी आहे, बसला तर अजून होईल, एवढंच म्हणाल्या. मी त्यांना बसा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार होते?

मी थकले आहे, ओल्वेन. असं मी कोणाला लिहिलेलं नाही.

आई


४ जून १९१२

ओल्वेन,

हे डेनिसला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, त्याने एवढ्या मनाने बेतलेला सूट, त्याला कळायलाच हवं.

शनिवारी एम्रिस चुलीपुढे टबात अंघोळीला बसला होता. मी मोठी कात्री घेतली आणि त्या विजारीचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापले. एवढं सुंदर कापड, कात्री चालवताना हात आखडत होता. मग खाली नीट दुमड घातली, पट्टा बसवला, बक्कल लावलं. फाडलेली दिसायला नको होती. शाळेच्या पोराची दिसायला हवी होती. जुनी आखूड विजार आणि बाबांची विजार दोन्ही साबणाच्या पाण्यात बुडवून टाकल्या. सकाळी घालायला एवढीच राहिली.

रविवारी त्याने ती पाहिली.  मोजे मीच चढवले त्याला, लहान असताना चढवायची तसे, आणि तो ताठ उभा राहिला. तुझ्या बाबांना वाटलं, मला वेड लागलंय. तसं म्हणालेही. मी म्हटलं, असेल, चला, उशीर होतोय.

बायकोने जाऊन मुकादमाला सांगून चालत नाही, हे तुला मी सांगायला नको. पुरुषाने दिलेला शब्द बाई कसा मागे घेणार? आणि ज्याने दिला तो घेणार नव्हता. मग एकच राहिलं. ज्याच्याशी हात मिळवला तो मुळात माणूसच नव्हता, पोरगं होतं, हे सगळ्यांच्या देखत दाखवायचं.

दारात प्रॉथेरो होतेच. हात पुढे आला आणि मधेच थांबला. मी म्हटलं, "मि. प्रॉथेरो, गेल्या रविवारी तुमची चूक झाली. बहिणीने सूट धाडला, याने हौसेने घातला. हे शाळेचं पोर आहे. नीट बघून घ्या."

बहीण म्हटलं मी. चॅपलच्या दारात, तुझ्या बाबांच्या समोर. माझ्या लक्षात नंतर आलं.

प्रॉथेरोनी एम्रिसच्या पायांकडे बघितलं, मोज्यांकडे, बक्कलाकडे. मागे रांग थांबलेली. मग त्यांनी हात खिशात घातला आणि म्हणाले, "बरं तर. मोठा झाला की आणा, मिसेस बेडो." आणि लोक हसले. मोठ्याने नव्हे, पण हसले. ज्यांनी हात मिळवले होते ते सगळे हसले. मला ते हसणंच हवं होतं. ज्याला रविवारी सगळं चॅपल हसलं त्याला सोमवारी कोण कामावर घेणार?

पण पोराच्या मानेकडे बघवत नव्हतं. प्रार्थनेभर तो खाली मान घालून बसला, कान लालभडक. घर राखायला निघालेलं पोर होतं गं ते. त्याने काही चुकीचं केलं नव्हतं. आणि मी त्याला चारचौघांत उघडं पाडलं.

घरी आल्यावर म्हणाला, "मी परीक्षेला बसतो. पण तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही." आपल्या घराण्याचा हट्ट तुला ठाऊकच आहे. मी म्हटलं, बरं.

आई


२३ जून १९१२

ओल्वेन,

पास झाला. मिस लेदरबींनी येऊन सांगितलं आणि या वेळी आत येऊन चहा प्यायल्या. वर्गात पहिला नाही, पण वरच्यातला. मी त्यांच्यासमोर रडले.

आता मागायचं ते मागते. घुमवून फिरवून लिहायची माझ्यात ताकद उरलेली नाही.

एम्रिसला तुझ्याकडे ठेवून घे. तिथल्या शाळेत घाल. इथे तो राहू शकत नाही. रस्त्याने निघाला की ब्रेकरवरची पोरं गुडघे वाकवून मागे चालतात. दार लावून बसतो. बाबा त्याच्याशी बोलत नाहीत, तो माझ्याशी बोलत नाही, आणि मी दोघांना भाकरी वाढते. तालुक्याची शाळा रोज जाऊन येण्यासारखी नाही आणि तिथे ठेवायला आपलं कोणी नाही. आपलं म्हणण्यासारखी तूच आहेस.

तू म्हणशील, तेव्हा मी नको होते, आता बरी आठवण झाली. म्हण. मी ऐकून घेते. पण नाही म्हणू नकोस.

डेनिसला विचारून ठरव, घर त्याचंही आहे. पोराचं खाणं जास्त आहे, पण कुरकुर नाही. मटार आवडत नाहीत. रविवारी तुमच्याबरोबर तुमच्या चर्चला नेलंत तरी माझं काही म्हणणं नाही.  इथल्या पाद्रींनी विचारलं तर माझं मी बघेन.

घराचं म्हणशील तर महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीय. मी काहीतरी बघतेय. ते तुझ्या डोक्यावर नको.

तुझी आई


२० ऑक्टोबर १९१२

माझ्या ओल्वेन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. एम्रिस रोज शाळेत जातो, एक दिवस चुकलेला नाही, गणित आवडतं, डेनिसबरोबर संध्याकाळी दुकानात बसून बटणं लावतो आणि दोघं हसतात. सगळं वाचलं. तू विचारतेस, तो अजून तुला लिहीत नाही, मी त्याला दटावू का? नको. दटावून लिहिलेल्या पत्राचं मी काय करू? गाडीत बसतानाही तो माझ्याकडे न बघता बसला. त्याची पेटी मी वर चढवली, ती त्याने धरली, एवढंच. तो शाळेत जातो ना? मग झालं. रागावून का होईना, जातोय.

आता इकडची गंमत ऐक. घर राहिलं. लिथुआनियाचे दोघे खाणकामगार ठेवून घेतलेत, काझिस आणि त्याचा चुलतभाऊ. कंपनीला घरात कामावरचा माणूस हवा होता, दोन मिळाले. मी त्यांचा स्वयंपाक करते, कपडे धुते. दोघेही कॅथलिक. आल्या आल्या त्यांनी भिंतीवर क्रूस टांगले, आणि एका क्रुसासाठी ज्यांनी लेक सोडली ते तुझे बाबा आता दोन क्रुसांच्या खाली बसतात. चॅपलमधले लोक बोलतात. बोलू देत, भाडं ते भरणार नाहीत.

बाबांना आता चालवत नाही. सकाळी काझिस त्यांना उचलून खिडकीशी खुर्चीत आणून बसवतो आणि संध्याकाळी परत नेतो. त्याला आपली भाषा धड येत नाही, बाबांना त्याची अजिबात येत नाही. पहिले काही दिवस बाबा मान फिरवून घ्यायचे. परवा पाहिलं तर काझिस उचलत होता आणि यांनी आपणहून त्याच्या गळ्यात हात टाकला होता.

तुझं पत्र आलं तेव्हा मी नेहमीसारखी चुलीपाशी तोंड करून वाचत होते. इतके महिने तसंच वाचतेय. त्यांना दिसत होतं, ते बोलत नव्हते, मीही सांगत नव्हते. या वेळी मागून आवाज आला. म्हणाले, "काय लिहिलंय तिनं?"

मला वाटलं, मला भास झाला. मी वळले. ते खिडकीबाहेरच बघत होते. म्हणाले, "मोठ्यांदा वाच."

मी सगळं वाचलं. डेनिसचं नाव आलं तिथे अडखळले, पण वाचलं. बटणांचंही वाचलं. पत्र संपलं. मग म्हणाले, ते शाळेचं पुन्हा वाच. ते वाचलं. मग म्हणाले, आता पहिल्यापासून वाच, तिच्या नावासकट.

तेव्हा पुढच्या वेळी जरा मोठं लिही, पोरी. एवढंसं आम्हांला पुरत नाही.

तुझी आई